शेवटच्या गाडीची नोंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्या दोन माणसांबरोबर मी वीस-बावीस वर्षं दर रविवारी चहा प्यालो त्या दाभाडे आणि लोहाडेंना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर अजून जीभ उचलत नाही.

आणि आधीच सांगतो, ऐकायला गोष्ट अगदी किरकोळ आहे. खून नाही, चोरी नाही, कसलं लफडं नाही. रेल्वेच्या एका इंजिनाचा नंबर आहे — बस्स. हसाल तुम्ही. मीही हसलो असतो. पण त्या नंबरापायी मी एका माणसाचं काय करून ठेवलं हे ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी छातीत जे धस्स झालं ते अजून खाली बसलेलं नाही. आपण असं करू शकतो? आपण — म्हणजे मी? रांगेत निमूट उभा राहणारा, बसमध्ये म्हाताऱ्यांना जागा देणारा, कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही असं चारचौघांत सांगणारा मी?

थांबा. नीट सांगतो.

आमचा एक कट्टा होता. औरंगाबादच्या स्टेशनाबाहेर रिक्षांच्या रांगेपलीकडं चहाची टपरी आहे, तिच्या बाकड्यावर. दर रविवारी सकाळी आठ वाजता. रेल्वेचं वेड लागलेली म्हातारी माणसं, एवढीच आमची पात्रता. दाभाडे शाळेत चित्रकला शिकवायचे. कुठल्या पुलाला किती कमानी ते त्यांना पाठ. लोहाडेंचं औरंगपुऱ्यात औषधाचं दुकान. ते जुनी तिकिटं जमवायचे — पुठ्ठ्याची, जाड, कोपऱ्यात चिमटा मारलेली. आणि मी पाटबंधारे खात्यातला कारकून. माझ्याकडं वह्या होत्या.

वह्यांचं असं — पोलीस ॲक्शनच्या वेळी मी सात-आठ वर्षांचा होतो. वडलांनी त्या धामधुमीत घराबाहेर पडायला बंदी केली होती. मग मी माळवदावर बसून स्टेशनाकडून येणाऱ्या शिट्ट्या मोजायचो आणि पाटीवर रेघा ओढायचो. ते वेड पाटीवरून वहीत गेलं आणि वहीत जे गेलं ते कायमचं. कोणती गाडी, इंजिनाचा नंबर, ड्रायव्हर कोण, किती वाजता सुटली, आभाळ कसं होतं. सतरा लांब वह्या भरल्या. बायको म्हणायची, पोरीची जन्मवेळ विचारली तर सांगता यायची नाही, पण पूर्णा पॅसेंजर कधी सुटली ते मिनिटासकट सांगतील. खरंच होतं ते.

कट्ट्यावर वाद व्हायचे. होणारच. अमक्या गाडीला डबे किती होते, तमक्या स्टेशनात इंजिन पाणी घ्यायचं का — या गोष्टींवरून आम्ही पोरांसारखे भांडायचो. आणि भांडण मिटवायची आमची एक रीत होती. वही उघडायची. वहीत असेल ते खरं. ज्याचं चुकलं त्यानं त्या नोंदीखाली लिहायचं — ‘माझी आठवण चुकली’ — आणि सही करायची. गंमत होती ती. लोहाडेंच्या नऊ सह्या झाल्या होत्या. दाभाडे सही केली की दोन रविवार फुगून बसायचे. माझी एकही नव्हती. कशी असेल? वहीच माझी. आणि याचा मला गर्व होता. उघडच सांगतो, फार होता.

आता त्या दिवसाकडं येतो. येतो येतो म्हणतोय आणि पाय मागं ओढतोय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

आपल्याकडची छोटी लाईन बंद होऊन मोठी व्हायची होती. मीटर गेज म्हणायचे त्या छोटीला. मनमाडकडं जाणारी शेवटची छोटी गाडी सकाळी अकराला सुटणार होती. त्यासाठी एक पॅसेंजरचं इंजिन मुद्दाम रंगवलं होतं — काळाकुळकुळीत रंग, लाल पट्टे, पितळ घासून लख्ख केलेलं. आदल्या दिवशी मी यार्डात जाऊन ते डोळे भरून बघून आलो. नंबर टिपला. गाडी कोण नेणार तेही विचारलं. गायकवाड नावाचे जुने ड्रायव्हर होते, निवृत्तीला आलेले. मान त्यांचा होता. उद्या येतो म्हणून मी त्यांना सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मेहुणा स्कूटर घेऊन दारात. चिकलठाण्याला प्लॉट बघायचा. मालक जालन्याचा, तो तेवढ्याच दिवशी येणार होता. म्हणालो, तासाभरात परत येऊ. मालक साडेनऊला उगवला. मग त्याचा चहा, मग हद्दीवरून घोळ, मग टेप धरून मोजणी. अकराला दहा कमी होते तेव्हा मी टेपचं एक टोक धरून बाभळीखाली उभा होतो. निघता आलं असतं का? आलं असतं की. मेहुण्याच्या हातात टेप द्यायची आणि रिक्षा धरायची. पण प्लॉट पूर्वेकडं तोंड करून होता, कोपऱ्याचा होता, आणि मागं अजून एक गिऱ्हाईक उभं होतं. मी टेप सोडली नाही. पुढं बरीच वर्षं मी मनाशी म्हणायचो, मला ती शेवटची गाडी बघवली नसती म्हणून मी गेलो नाही. खोटं. प्लॉट हवा होता.

स्टेशनात पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. फलाटावर झेंडूच्या पाकळ्या, आणि एक बाई त्या झाडत होती. चहावाला म्हणाला, “गेली की, नाना. लई गर्दी व्हती. तुम्ही कुठं व्हता?”  मी त्याला काही विचारलं नाही. इंजिन कोणतं लागलं हे विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. का यावं? कालच तर बघून आलो होतो!

फलाटावरच्या बाकावर बसलो, वही उघडली आणि लिहिलं. जणू मी तिथं होतो असं लिहिलं. रंगवलेल्या इंजिनाचा नंबर. ड्रायव्हर गायकवाड. सुटली अकरा वाजून चार मिनिटांनी — ती चार मिनिटंही मीच घातली, हारतुरे घालायला लागली असतील म्हणून. आभाळ निरभ्र. लांब शिट्टी. एवढं लिहून झाल्यावर मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. पान कोरं राहिलं असतं तर वाईट दिसलं असतं, एवढाच माझा विचार.

त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं मी ती गाडी सांगत आलो. आधी बायकोला, मग ऑफिसात, मग कट्ट्यावर. सांगता सांगता भर पडत गेली. गायकवाडांनी मला बघून हात केला. माझे डोळे भरून आले. कुणीतरी रुळावर डोकं टेकलं. एका वर्षी इथल्या एका पेपरनं ती आठवण छापली, माझ्या फोटोसकट. दाभाडे त्या वेळी नोकरीनिमित्त पैठणला होते, लोहाडेंना तेव्हा हे वेडच नव्हतं, गायकवाड त्याच वर्षी गावी निघून गेले होते. मला अडवणार कोण? खरं सांगू का, मलाच ती शिट्टी ऐकू यायला लागली होती.

मग रऊफभाई आले.

रऊफभाई आमच्यातले एकटे खरे रेल्वेवाले. मालगाडीचे ड्रायव्हर. निवृत्तीनंतर थोरल्या मुलाकडं नांदेडला राहिले, बायको गेल्यावर धाकट्या सलीमकडं इथं आले. उंच, वाकलेले, मनगटावर जुन्या भाजल्याचा डाग. एका रविवारी टपरीवर आमचं भांडण ऐकून हसत उभे राहिले आणि लोहाडेंनी सरकून जागा करून दिली. माणूस इतका गोड की तिसऱ्या रविवारपासूनच ते नसले तर चहा कडू लागायचा. आम्ही आयुष्यभर इंजिन बाहेरून बघितलेलं, त्यांनी आतून. ते बोलायला लागले की दाभाडे भांडायचं विसरायचे.

आणि एकदा — लोहाडेंचा पाव्हणा आला होता, त्याला ऐकवायला म्हणून — दाभाडेंनी मला गाडी सांगायला लावली. “नाना, शेवटची गाडी होऊन जाऊ द्या!” मी सांगितली. पूर्ण, हावभावासकट. रऊफभाई पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळत गेला, इतका की मला वाटलं रंगली आज. संपलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

“तुम थे वहाँ, नानासाब? फिर तो मेरेकू देखे हुएंगे!”

मला काही समजेना. ते हात सोडेनात. म्हणाले, ती गाडी त्यांनी नेली. रंगवलेलं इंजिन सकाळीच बसलं — बॉयलरची नळी फुटली. जालन्याकडून आलेलं मालगाडीचं इंजिन यार्डात उभं होतं, वाफ भरलेलं, काजळी माखलेलं. साहेब धावत आले. म्हणाले, रऊफ, तुझं इंजिन तुझ्याच हाताला ऐकतं, तूच ने. गायकवाडांच्या गळ्यातला हार गायकवाडांनी स्वतः काढून यांच्या गळ्यात घातला. आयुष्यभर कोळसा आणि धान्य वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती गाडी आली. एवढ्या वर्षांत बघितलेलं कुणी भेटलं नव्हतं, आणि आज मी भेटलो. साक्षीदार!

तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं की ते खरं बोलतायत. पण एवढं तर माहीत होतं ना, की मी तिथं नव्हतो? आणि आपण स्वतः तिथं होतो असं म्हणणारा माणूस समोर बसला होता, माझे हात धरून. एक वाक्य पुरलं असतं — रऊफभाई, मी पोचलो नव्हतो. एक वाक्य! दोन रविवार चेष्टा झाली असती. माझी पहिली सही झाली असती. एवढंच.

मी पिशवीतून वही काढली.

का काढली? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्याचे कोपरे झिजलेत. उत्तर एकच येतं. दाभाडे बघत होते, लोहाडे बघत होते, तो पाव्हणाही बघत होता.

मी नोंद वाचली. इंजिनाचा नंबर वाचला. ड्रायव्हर गायकवाड वाचलं. रऊफभाई आधी हसले, म्हणाले, “नाय नाय साब, वो तो फेल हो गया था ना सुबूच.” मग वही मागून घेतली. बोटानं एकेक आकडा चाचपला. दाभाडे हळूच म्हणाले, “व्हतं असं, रऊफभाई. माझं नाय का परवा पुलाचं झालं?” लोहाडेही तसंच काहीतरी बोलले. प्रेमानंच बोलले दोघं. रऊफभाईंनी त्यांच्याकडं बघितलंच नाही. त्यांनी मला विचारलं, “ये उसी वखत का लिखा हुआ है?”

मी म्हणालो, “हो. तिथंच उभं राहून लिहिलंय.”

हे ते खोटं. पानावरचं खोटं काहीच नाही याच्यापुढं. पानावरचं मी स्वतःशी बोललो होतो, हे एका माणसाच्या डोळ्यात बघून.

आता एक समजून घ्या, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. एकेरी लाईनवर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला पुढची लाईन मोकळी असल्याची खूण हातात मिळाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. समोर मैलभर रूळ रिकामे दिसत असले तरी नाही. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हातात दिलेल्या परवानगीवर ठेवायचा — नाहीतर माणसं मरतात. चाळीस वर्षं रऊफभाई या एका नियमावर जगले. आपल्या डोळ्यांपेक्षा कागद मोठा, हे त्यांच्या रक्तात होतं. तुम्ही-मी असतो तर वही भिरकावून दिली असती. गायकवाडांचा हार आठवतोय मला, तुमची वही गेली उडत, म्हणालो असतो. त्यांनी वही मांडीवर नीट ठेवली.  मग म्हणाले, “मग चुकलंच असंल माझं.” मराठीत म्हणाले. त्यांना मराठी लिहिता येत नव्हतं. म्हणून ‘माझी आठवण चुकली’ हे मीच लिहिलं, माझ्या अक्षरात. खाली त्यांनी उर्दूत सही केली.

टाळ्या वाजल्या. चहा आला.

पुढच्या रविवारी ते आले. मनमाडजवळच्या अंकाईच्या चढावर इंजिन घसरायचं तेव्हा रुळावर वाळू कशी सोडायची ते सांगता सांगता मध्येच थांबले. माझ्याकडं वळून म्हणाले, “हे झालं व्हतं ना, नानासाब? वहीत बघा.” आणि मी — मी वही चाळली! मालगाडीच्या केबिनमध्ये काय घडलं ते माझ्या वहीत कुठून असणार? “वहीत नाही,” म्हणालो. खरंच बोललो. ते मान डोलवून बसले. असं तीन-चारदा झालं. मग त्यांनी सांगणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, मेरा भरोसा मत करो.

तिथवर मी स्वतःची समजूत घालत होतो. म्हातारा माणूस, रुसलाय, येईल ताळ्यावर. पण ते कट्ट्यापुरतं राहिलं नाही. एकदा मोपेडवर घरून निघाले आणि क्रांती चौकातून परत फिरले, गॅस बंद केला की नाही ते आठवेना म्हणून. बंद होता. तिसऱ्यांदा असं झाल्यावर सलीमनं मोपेडची किल्ली काढून घेतली. नमाजला बसले की किती रकात, म्हणजे आवर्तनं, झाल्या याची खात्री वाटेना, म्हणून सुनेला मागं बसवून मोजायला सांगायचे. हे लोहाडे आम्हाला सांगायचे, हळहळून. कारण सलीम औषधं त्यांच्याकडूनच न्यायचा. डॉक्टरांनी वयोमान म्हणून स्मरणशक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

कळतंय का तुम्हाला? त्या माणसाला बरोबर आठवत होतं, म्हणून तो गोळ्या खात होता.

तुम्ही म्हणाल, वय होतंच की. कदाचित झालंच असतं असं, तुमच्याशिवायही. हे मीही म्हणून बघितलंय. डॉक्टरही तेच म्हणाले होते. पण मी त्या दिवशी त्यांचा चेहरा बघितलाय, वही मांडीवर ठेवतानाचा. मला ही सवलत घेता येत नाही.

आता एका फोटोबद्दल सांगायला हवं. त्या चिकलठाण्याच्या प्लॉटवर आम्ही पुढं घर बांधलं आणि सलीमची कंपनी तिथून जवळच. एका दुपारी पाळी सुटल्यावर तो दारात उभा. हातात पाकीट. म्हणाला, अब्बांनी तुमच्यासाठी दिलंय, तुमच्या संग्रहात राहू द्या म्हणाले, त्यांना आता उपयोग नाही. चहाला थांबला नाही.

फोटो होता. काळापांढरा, पोस्टकार्डाएवढा. मालगाडीचं काजळलेलं इंजिन, समोर वेडावाकडा बांधलेला झेंडूचा हार. खिडकीतून अर्धे बाहेर आलेले रऊफभाई. पन्नाशीचे, गळ्यात हार, तोंडभर हसू. मी वाचायचं भिंग आणलं. इंजिनाच्या अंगावर कुणीतरी खडूनं लिहिलं होतं — छोटी लाईनला अखेरचा सलाम — आणि खाली तारीख. भिंगाशिवाय यातलं काहीच दिसलं नसतं इतकं बारीक. तीच तारीख. माझ्या वहीतली.  हातातलं भिंग फरशीवर पडलं आणि बायको आतून विचारायला आली, काय झालं?

“काही नाही,” म्हणालो.

ती गेल्यावर फोटो उलटा केला. पाठीमागं उर्दूत लिहिलेलं होतं. माझी पहिली-दुसरी उर्दूत झाली, निजामाच्या काळात आमच्या शाळेत तेच होतं, म्हणून अजून वाचता येतं. जुन्या शाईत, ठसठशीत अक्षरात — छोटी लाईनची आखरी गाडी, औरंगाबाद ते मनमाड, ड्रायव्हर मी. त्यावर बॉलपेननं काट मारली होती. एक नाही, तीन रेघा. आणि खाली नवीन, थरथरणारं अक्षर: ‘गलत. कोणत्या दिवसाचा आहे, आठवत नाही.’

एकटा बसून त्या माणसानं हे केलं असेल. स्वतःचा हसरा चेहरा समोर असताना त्यानं माझ्या वहीवर विश्वास ठेवला! मी पलंगावर बसलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. फोटो खिशात, भिंग खिशात. सून चहा टाकायला आत गेली. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते, मला बघून खुलले. मी सांगितलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. मी पोचलो नव्हतो, प्लॉट बघत होतो. आदल्या दिवशीचं बघून लिहिलं. तुमचंच खरं, रऊफभाई, गाडी तुम्हीच नेली.  मला वाटलं, आता ते उठतील. शिवी देतील. द्यावी असं मला फार वाटत होतं.

त्यांनी मोतीबिंदूचे डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर माया आली. होय, माया. पुढं सरकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“घबराव नको, नानासाब,” ते म्हणाले. “मेरा भी ऐसाच शुरू हुआ था.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांना वाटत होतं, आता माझी आठवण जायला लागली. वहीत त्याच वेळी लिहिलेलं आहे ना? मग ते कसं खोटं असेल? उमर है साब, ते म्हणाले, असं वाटतं, की आपण तिथं नव्हतोच. त्यांनी सुनेला हाक मारून गोळ्यांची पट्टी मागवली आणि दोन गोळ्या कापून माझ्या हातावर ठेवल्या. सकाळी जेवणानंतर घ्या, म्हणाले. एकटं फिरू नका.

फोटो माझ्या खिशात होता. भिंग खिशात होतं. खडूची तारीख बोटानं दाखवायची, नसती दिसली तर सुनेला वाचायला लावायची — इतकंच बाकी होतं. आणि ऐका, काय झालं ते. मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं होतं ना? माझं काम झालं होतं ना? त्यांनी नाही मानलं तर मी काय करणार? हे सगळं माझ्या मनात इतकं झरझर, इतकं सोयीनं आलं की आजही आठवलं की शिसारी येते. मी खिशात हात घातला नाही. मान हलवली. गोळ्या घेतल्या. चहा संपवला.

सलीम मला मोटारसायकलवर घरी सोडायला आला. चिकलठाण्याला दारात उतरलो तर त्यानं गाडी बंद केली.  म्हणाला, “काका, एक विचारू? आम्ही ल्हान असल्यापासून अब्बा सांगायचे, शेवटची गाडी मीच नेली. आम्ही पोरांनी शाळेत लई ऐट केली त्याच्यावर. आता तेच नाय म्हणतेत. तुम्ही तिथं व्हता. खरं सांगा, नेली व्हती का?”

भर दिवसा, माझ्या फाटकात. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याचा चेहरा फोटोतल्या माणसासारखा होता.

“वहीत तसं नाही, बाळा,” मी म्हणालो.

त्यानं मान डोलवली, गाडी चालू केली आणि गेला.

रऊफभाई त्यानंतर सात महिन्यांनी गेले. मी दफनाला गेलो होतो. माती दिली. सलीम माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला आणि मी त्याला थोपटलं. कट्टा चालू आहे. दाभाडे थकलेत, लोहाडे येतात. वाद झाला की अजून माझ्याकडं बघतात.

मनमाडला जाणारी शेवटची छोटी गाडी मालगाडीच्या इंजिनानं नेली. ड्रायव्हर रऊफभाई. किती वाजता सुटली ते मला माहीत नाही. मी तिथं नव्हतो.